चाकाला हात

दत्तरावचा हात मी मोडला. त्याचं मला तवा वाईट वाटलं न्हाई, आजबी वाटत न्हाई. बैलगाडीच्या जुवातली लाकडी शिवळ घेऊन कोपराच्या खाली दोन टोले हानले, कड् करून आवाज आला तवा थांबलो. त्यो माझ्या पुतनीचा नवरा. पुतनी म्हंजे भागू, माझ्या थोरल्या भावाची, किशनरावाची, एकुलती एक लेक. मला लेकरूबाळ न्हाई. बारकी व्हती तवा तिला खांद्यावर बसवून ताडकळसचा आख्खा बाजार मी हिंडवलेला. ती सासरहून आली तवा पाठीवर चऱ्हाटाचे वळ व्हते. मी कुनाला काय इचारलं न्हाई. शिवळ पोत्यात गुंडाळली आन् पहिली एस्टी धरून गंगाखेडच्या अंगाला तिच्या सासरी गेलो.

चौथ्या दिवशी तिकडचे आठ जन ट्रॅक्टरमधी बसून आमच्या गावात आले. कडब्याची गंजी पेटवली. माझे म्होरचे दोन दात पाडले. तितं अजून फट हाय, शिट्टी लय झकास वाजते. मी एकाचा कान चावला, निम्मा तोंडातच आला. मंग त्यायनी केस केली, आमी केस केली, तारखा सुरू झाल्या. भागू वरीस झालं माहेरीच. दोन्ही घरचे गडी एकमेकायच्या शिवारातून जाताना हातात काठी धरल्याबिगर जात न्हवते.

दादा माझ्यावानी न्हवता. आमच्या किशनदादाच्या तोंडातून शिवी आलेली मी जल्मात ऐकली न्हाई. वाटंनं शेळ्या हाकनारी पोरगी दिसली तरी, "बरं हाय का माय," इचारल्याबिगर गडी पुढं जायचा न्हाई. मला म्हनायचा, मुंज्या, तुझं डोकं तुझ्या हातात हाय. मी म्हनायचो, मंग बरंच हाय की, जल्दी पोचतंय. त्येला एकच घोर लागला व्हता. भागूचं काय ते एक व्हावं, नांदायचं तर नांदावं, सोडचिठ्ठी तर सोडचिठ्ठी, पन दोन घरातली काठी खाली बसावी. त्या घोरानं त्यो आतून झुरायलता. मला दिसत न्हवतं. मला फकस्त दत्तरावचा दुसरा हात दिसायलता.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या हप्त्यातली गोष्ट. कुटं बंद, कुटं रस्ता रोको, नाक्यानाक्यावर टायर पेटलेले. एस्टी बंद. तरी ताडकळसचा बाजार अर्धामुर्धा भरला व्हता. दादा आन् मी बैलाच्या कपाळाला बांधायच्या माठोट्या घ्यायला गेलो. तितं दत्तराव त्याच्या दोन चुलतभावासंगं उभा. त्येनं मला बगितलं, मी त्येला बगितलं. बोलाचाली झालीच न्हाई. मी वजनकाट्याचा दांडा उपसला, त्येनं काठी. माझा पहिला टोला त्याच्या चुलतभावाच्या गुडघ्यावर बसला, त्यो केकाटत खाली गेला. दुसऱ्यानं माझ्या पाठीत घातली. बायका मिरच्याची पोती टाकून पळायलत्या. दत्तरावनं काठी उचलली, मी दांडा उचलला, आन् मधी दादा शिरला. दोन्ही हात पसरून.

त्येला कुनाचाच टोला लागला न्हाई. ह्ये मी देवाच्या गळ्याची आन घेऊन सांगतो. दत्तरावची काठी वरच राहिली, माझा दांडाबी वरच राहिला. दादा मिरच्याच्या पोत्यावर हळूच बसला. छातीवर तळवा ठेवला. म्हनला, मुंज्या, कुनीतरी छातीवर जातं ठेवलंय बग. घामानं कुडतं भिजलं, व्हट काळे पडले. माझ्या हातातला दांडा कवा पडला ते मला आठवत न्हाई.

एकाची जीप मिळाली. दादाला मागं निजवला, कडूबाई वैनी आन् भागूला गावातून उचललं, वैनीचा भाऊ पंडित संगं आला. परभणीच्या वाटंवर बाभळी आडव्या टाकलेल्या, म्होरं वीस-पंचवीस पोरं. आजारी मानूस हाय म्हनलं, तर एक जन म्हनला, समदेच आजारी असत्यात, आन् जीपच्या टपावर धोंडा घातला. मी जॅकचा दांडा घेऊन उतरलो. त्याच्या बरगडीत एक दिली, मला तिघायनी मिळून पाच दिल्या. माझी भुवई फुटली. तवर कुनीतरी जीपमधी डोकावून दादाचं तोंड बगितलं. मंग त्याच पोरायनी हातानं बाभळी वढल्या, काटे मोडून घेतले, आन् जीप ढकलून पलीकडं घातली. आदीच बगितलं असतं तर काय झालं असतं मेल्यायचं.

परभणीत दिनकर डॉक्टरचा दवाखाना वरच्या माळ्यावर. डॉक्टरनं छातीला वायरी लावून कागदाची पट्टी काढली, रक्तदाब बगितला. वरचा आकडा एकशेनव्वद. मला भायेर बोलावून शांतपनी सांगितलं. काळजाला रगत पोचवनारी नस आवळली हाय. खरं म्हंजे औरंगाबादला न्यायला पायजे, पन रस्ते असे हायत, वाटंतच जाईल. माझ्याकडं एक औषध हाय, थेट शिरंतून द्यायचं. त्येनं नसा सैल व्हत्यात, काळजावरचा बोजा उतरतो. औषध चांगलं हाय पन लहरी हाय, जास्त गेलं तर रक्तदाब धाडकन पडतो. म्हनून धरून, मोजून, डोळ्यात तेल घालून द्यावं लागतं. मी म्हनलं, द्या.

द्यायचं काम पार्वती सिस्टरकडं. बुटकी, पन्नाशीची बाई, आवाज फाटका. माझ्या फुटक्या भुवईकडं बगून म्हनली, हे घरूनच आणलंय का वाटेत मिळालं. दादाच्या डाव्या हाताला सुई लावली, उजव्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधला. बाटली काचेची. प्लास्टिकची काऊन न्हाई म्हनून पंडितनं इचारलं, तर म्हनली, प्लास्टिक हे औषध पिऊन टाकतं, पेशंटला काय मिळणार. मनगटावरच्या घड्याळाकडं बगत थेंब मोजले. मिनिटाला सहा, तेबी बारके बारके. दर पाच मिनिटाला पट्टा फुगवायचा, आकडा लिहायचा.

मंग तिनं आमाला समद्याला उभं करून सांगितलं. ह्यांनी उठायचं नाही. बसायचंसुद्धा नाही. लघवीला भांडं आहे. नसा सैल असताना माणूस उभा राहिला की रक्त सगळं पायात उतरतं आणि डोकं रिकामं होतं. डोकं दुखेल, त्याला घाबरू नका, मला सांगा. वरचा आकडा शंभराच्या खाली गेला तर मी औषध बंद करणार. आणि नळीवरचं हे चाक, ह्यानं थेंब कमीजास्त होतात. ह्या चाकाला कुणी हात लावायचा नाही. माझ्याकडं बगून म्हनली, "तुम्ही दिसता दांडगे. तुम्हीच राखण करा."

बास. मला कामच मिळालं. बाकीचं जे सांगितलं ते ह्या कानातून आलं आन् त्या कानातून गेलं. आकडा पडला तर मी बंद करणार, ह्ये तिनं माझ्या म्होरं सांगितलं व्हतं, मी न्हाई म्हनत न्हाई. पन मला फकस्त चाक ऐकू आलं.

अर्ध्या घंट्यानं दादाच्या छातीवरचं जातं उतरलं. तोंडावर रंग आला. डोकं लय ठनकतंय म्हनला, सिस्टरनं गोळी दिली. आकडा एकशेचाळीसवर आलता. सिस्टर खाली इंजेक्शन आनायला गेली, मी दारात वळून बिडी शिलगवली, तेवढ्यात पंडितची अक्कल भायेर आली. आमच्याकडं सलाईन म्हंजे ताकद, आन् जितकी जल्दी जाईल तितकी जल्दी ताकद, ह्ये लेकराला बी ठावं. त्यो म्हनला, थेंब थेंब काय सोडायलेत, आपन खेड्याचे म्हनून हात आखडायलेत. आन् चाक सैल केलं. मी बगितलं तर नळीत धार लागलेली. मी पंडितला असा हानला की त्यो भिंतीवर जाऊन आदळला, नाकातून रगत भळभळलं. वैनी वरडली, माझ्या भावाला मारलं. सिस्टर धावत आली, आदी चाक आवळलं, मंग पट्टा फुगवला. एकशेचार. दादा जांभया द्यायलता, डोळे जड झालते.

थोड्या वेळानं आकडा वर आला तवा ती माझ्याकडं वळली. मारायची गरज नव्हती, म्हनली, पण त्याला चाकापासून हटवलं ते बरं केलं. मी दुसऱ्या वाक्याचीच गाठ मारली. पहिलं तिनं उगंच म्हनलं असंल असं धरून चाललो.

दादानं मला जवळ बोलावलं. म्हनला, मुंज्या, बाजारातली खबर माणिकरावाला पोचली असंल. त्यो येनार. माणिकराव म्हंजे दत्तरावचा बाप, दादाचा इवाई. दादा म्हनला, त्यो आला तर वर येऊ दे. मला त्याच्याशी भागूचं बोलायचंय, आजच बोलायचंय, उद्याचं काय खरं न्हाई. मी व्हय व्हय म्हनलं. आजारी मानसाला न्हाई म्हनत न्हाईत, म्हनून म्हनलं.

चार वाजता ते आले. पंडित नाक धरून खाली मोरीवर बसला व्हता, वैनी त्याच्या डोक्यावर पानी मारायलती. डॉक्टरबी खालीच, दगड लागलेली मानसं आलती, त्यायची डोकी शिवायलते. दवाखान्याम्होरं पोलिसाची गाडी उभी. वर दादा, उशाला भागू, बाजूला सिस्टर, आन् दारात मी. जिन्यावर पावलं वाजली. म्होरं माणिकराव, सत्तरीचा म्हातारा, डोक्याला पांढरा पटका. मागं दत्तराव, त्याचा मोडलेला हात वाकडाच जुळला व्हता. त्याच्या मागं घरचे दोघं.

मी म्हनलं, मागं फिरा. माणिकराव म्हनला, मुंजाजीराव, भांडायला न्हाई आलो, इवायाला बगून जातो. मी म्हनलं, तुमच्या लेकानं त्येला ह्या खाटंवर घातला, आता काय गळा दाबायला आलात का. दत्तराव मागून काहीतरी बोलला. काय बोलला ते मला कळलं न्हाई, आन् मला कळून घ्यायचंबी न्हवतं. दाराशी बाटल्या अडकवायचं रिकामं लोखंडी स्टँड व्हतं. ते उचललं आन् दत्तरावच्या डोक्याचा नेम धरून फिरवलं. म्हातारा मधी आला. लेकासाठी आला का माझ्यासाठी आला ते त्यालाच म्हाईत. स्टँड त्याच्या टाळूवर बसलं. पटका सुटून जिन्यावरून गडगडत गेला, पांढऱ्या केसातून रगत कपाळावर, कपाळावरून नाकावर.

त्येनं हात वर केला न्हाई. कठडा धरून तसाच उभा राहिला आन् म्हनला, एवढं भेटू द्या, मंग मारा.

मी काय भेटू देतो. दत्तराव माझ्या अंगावर आला, आमी दोघं गळ्यात गळा घालून खोलीच्या आत पडलो. औषधाचं कपाट पालथं झालं, काचंचा खच पडला. त्येनं माझं डोकं फरशीवर आपटलं, मी त्याच्या वाकड्या हातावरच गुडघा रोवला, त्यो गुरावानी वरडला. सिस्टर खाट सोडून आमच्या मधी आली, माझी कॉलर वढायली, पेशंट आहे इथं, पेशंट आहे म्हनून कोकलायली. भागू रडायलती. आन् दारात म्हातारा उभा, तोंड रगतानं लाल झालेलं, उघड्या डोक्याचा.

दादानं त्येला बगितलं.

आमच्याकडं लेकीच्या बापानं इवायाम्होरं पडून राहायचं न्हाई. परान जात असला तरी उठायचं, हात जोडायचे, बसायला जागा द्यायची, मंग बोलायचं. कुनी शिकवत न्हाई, दुधासंगं येतं. आन् दादा तर दादाच. त्यातून इवायाचं डोकं त्याच्या दारात फुटलेलं, त्याच्या भावानं फोडलेलं. भागू म्हनली, बाबा उठू नका, तिनं खांदे धरले. त्येनं तिचे हात बाजूला केले, पाय खाली सोडले, आन् उभा राहिला. नळी ताठ झाली. दोन्ही हात जोडले.

"या इवाई," दादा म्हनला. "राम राम. बसा."

बसा म्हनताना त्याचे डोळे पांढरे झाले. गुडघे वाकले आन् त्यो खाटंच्या कडंला आपटून खाली आला.

सिस्टरनं आमाला सोडलं आन् झेप घेतली. भागूनं आन् तिनं मिळून त्येला खाटंवर वढला. तोंड राखेवानी. आन् मंग मी फरशीवरून बगितलं, सिस्टरचा हात चाकाकडं गेला. तिनं चाक फिरवलं. थेंब थांबले.

मला एवढंच समजलं, की ज्या औषधानं माझ्या दादाच्या छातीवरचं जातं उतरवलं ते ह्या बाईनं बंद केलं. आमच्या भांडनाचा राग धरून बंद केलं. मी दत्तरावला झटकून उठलो. तिच्या तोंडावर मूठ मारली. खरी मूठ, गड्याला मारतो तशी. व्हट फाटला, ती भिंतीला जाऊन लागली. मी चाक धरलं, सैल केलं, पुन्हा थेंब सुरू झाले. ती परत आली. माझ्या हाताला चावली, चाक आवळलं. मी तिच्या केसाला धरून मागं वढली. तोंडातून रगत गळायलतं तरी ती चाक सोडीना. म्हनली, मेला तो, तू मारतोयस त्याला, सोड.

मी सोडली न्हाई. माझ्या दुसऱ्या हातात अजून नळी व्हती.

भागूनं पितळी तांब्या उचलला आन् माझ्या कानशिलात घातला. माझ्या भागूनं. मी गुडघ्यावर आलो. तवर दत्तराव पाठीवर बसला आन् चांगल्या हातानं माझी मान फरशीला दाबली. काच माझ्या गालात घुसली. मी तितून फकस्त खाटंचे पाय बगू शकत व्हतो.

सिस्टरनं पट्टा फुगवला. साठ, म्हनली. तिचं बोलनं फाटक्या व्हटातून नीट येईना. औषधाची नळी उपटली, सुईला साधं सलाईन लावलं आन् त्याचं चाक पुरतं सोडलं. मंग वरडली, ह्यांचे पाय वर करा, रक्त डोक्याकडे यायला पाहिजे. खाटेखाली लावायला विटा आणायला वेळ नाही. कुणीतरी पाय उचलून धरा.

भागूनं दादाचं डोकं धरलेलं, तिला हलता येईना. सोबतचे दोघं जिन्यावरच थिजलेले. तवा माणिकराव दारातून म्होरं आला. काचावरून चालत आला. खाटंच्या पायथ्याशी गुडघे टेकले, दादाचे दोन्ही पाय उचलले आन् आपल्या खांद्यावर घेतले.

मी म्हनलं ना, आमच्याकडं लेकीचा बाप वाकतो. लग्नात इवायाचे पाय धुतो, जल्मभर त्याच्याम्होरं उभा राहतो. लेकाच्या बापानं लेकीच्या बापाचे पाय खांद्यावर घेतलेले मी कवा बगितले न्हाईत, ऐकलेबी न्हाईत. म्हाताऱ्याच्या टाळूतलं रगत दादाच्या पोटरीवरून धोतरात उतरायलतं. दत्तरावचा हात माझ्या मानंवर ढिला पडला. त्येलाबी ते बगवेना.

पासष्ट, सिस्टर म्हनली. मंग पुन्हा पासष्ट. म्हातारा थरथरायला लागला, एक पाय खांद्यावरून घसरला. सिस्टरनं मान वळवली, माझ्याकडं बगितलं, आन् म्हनली, "तू ये. एक पाय तू धर. थोबाड बंद ठेव."

मी रांगत गेलो. माणिकरावाच्या खांद्याला खांदा लावून गुडघ्यावर बसलो आन् दादाचा डावा पाय घेतला. टाच गार पडलेली. मला रडू फुटलं, त्ये मी लपवलं न्हाई. आन् तितं, त्या गार टाचंखाली बसून, मला समदं समजलं. औषधानं न्हाई, बाईनं न्हाई, दत्तरावनं बी न्हाई. दादा उठला माझ्यामुळं. आन् पडल्यावर त्येला वाचवनारा हात मी वढून धरला, मिनिटभर तरी धरला.

सत्तर. अठ्ठ्याहत्तर. म्हातारा तोंडातल्या तोंडात विठ्ठल विठ्ठल करायलता. त्याचं रगत माझ्या बाहीवर यायलतं. मी त्याच्याकडं बगितलं न्हाई, लाज वाटायलती.

नव्वद, सिस्टर म्हनली, तवा दादानं डोळे उघडले.

आदी छत बगितलं. मंग भागूला. मंग पायाकडं. इवायाच्या खांद्यावर आपला पाय बगितल्याबरोबर त्येनं तो वढून घ्यायला बगितलं. माणिकरावानं दोन्ही हातानं घट्ट धरला. म्हनला, "हलू नका सोयरे. चूक माझ्या घरची हाय. ती पोर आमच्याच घरात मार खायलती, मी भायेर बसून ऐकायलतो. भागूला नांदायचं नसंल तर सोडचिठ्ठी मी लिहून देतो. तुमी पडून ऱ्हावा."

दादाच्या डोळ्यातून पानी कानापर्यंत गेलं. भागूचे खांदे हळूहळू खाली आले. वरीसभर ते वरच व्हते ते मला तवा दिसलं.

काचंचा आवाज खाली गेला व्हता. डॉक्टर धावत वर आले, त्यांच्या मागं एक फौजदार, दोन शिपाई. डॉक्टरनं दादाची नाडी धरली. फौजदारानं खोली बगितली, पालथं कपाट, सिस्टरचं तोंड, म्हाताऱ्याचं डोकं. इचारलं, कोनी केलं ह्ये.

सिस्टर पट्टा फुगवायलती. मला वेळ नाही, म्हनली. माणिकराव म्हनला, साहेब, मी म्हातारा मानूस, जिन्यात पाय सरकला. फौजदारानं दत्तरावकडं बगितलं, दत्तरावनं बापाकडं बगितलं आन् त्यो गप राहिला. मी बी गप राहिलो. खोटं कशाला सांगू. मला वाटलं निभलं. आजवर असंच निभायचं. चौकीत दर बारीला दादाच यायचा, हात जोडायचा, साहेब डोक्यानं जरा गरम हाय, माफ करा म्हनायचा, आन् मला घरी न्यायचा.

दादानं सिस्टरचा फाटका व्हट बगितला, माझ्या मुठीवरचं रगत बगितलं आन् बोट हलवलं. फौजदार वाकला. आवाज लय बारीक व्हता, पन खोलीत दुसरा आवाज न्हवता.

"इवाई खोटं बोलायलेत," दादा म्हनला. "माझ्या भावानं मारलं. मुंजाजीनं. इवायालाबी, ह्या बाईलाबी. लिहून घ्या."

मी म्हनलं, दादा.

त्येनं माझ्याकडं बगितलं. राग न्हवता. रागानं बगितलं असतं तर मला सोसलं असतं.

"तू हितं राहिलास तर मी जगत न्हाई, मुंज्या," त्यो म्हनला. "जा आता."

शिपाई म्होरं आला. मी उठाया लागलो, तर खांद्यावर पाय. सोडू कसा. सिस्टर म्हनली, खाली ठेवू नका अजून. भागू उशाहून उठली, वैनी वर आलती, तिनं दादाचं डोकं मांडीवर घेतलं. भागू माझ्या शेजारी गुडघ्यावर बसली, तिनं हळूच माझ्या खांद्यावरून टाच उचलली आन् आपल्या खांद्यावर ठेवली. माझ्याकडं बगितलं न्हाई. सिस्टरनं आकडा सांगितला, शंभर. मी शिपायाच्या मागं जिना उतरलो. चपला कुटं राहिल्या काय म्हाईत, तळपायात काचा घेऊन तसाच अनवाणी गाडीत बसलो.